'विहीर' : शोकाचा काळ

शोक आणि काळ यांचे नाते आम्हां नागपूरकर वाचकांस प्रथम उमगले ते महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तून. विजया मेहता यांनी १९८५ साली रंगभूमीवर आणलेल्या या नाटकात तात्याजींचा मृत्यू पडदा उघडण्यापूर्वीच झालेला असतो. उरतात ते सुतकाचे दिवस, गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि पुन्हा पुन्हा वेळ विचारणारी, मुलगा गमावलेली दादी. घरात सारे बोलतात ते मात्र खर्चाविषयी आणि दागिन्यांविषयी.

नाटकाचा आधार शब्द. शब्द बाजूस सारून हाच थांबलेला काळ दाखवता येईल काय? भारतीय चित्रपटाने हा प्रश्न आधीच हाती घेतला होता. मणी कौल यांच्या 'उसकी रोटी'त (१९६९) नवऱ्याची भाकरी घेऊन बसथांब्यावर तिष्ठणारी स्त्री आहे. तिथे वाट पाहणे हेच कथानक होते. पुढे १९८० साली त्यांनी, काही काळ नागपुरात राहिलेल्या मुक्तिबोधांच्या लेखनावर 'सतह से उठता आदमी' केला.

कौल ज्या पुण्याच्या फिल्म संस्थेत शिकले, तिथलेच उमेश कुलकर्णी. त्यांचा 'विहीर' २००९ साली पुसानच्या आणि २०१० साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. कथा दोन ओळींची आहे. समीर आणि नचिकेत ही भावंडांच्या नात्यातली जिवलग मुले. लग्नासाठी भरलेले आजोळ. आणि नचिकेतचे विहिरीत बुडून जाणे. त्यानंतर समीरचा शोध सुरू होतो. लपंडावात दडलेला गडी सापडायलाच हवा, तसा.

नचिकेत हे नाव सहज आलेले नाही. कठोपनिषदातला नचिकेता यमाला मृत्यूचे रहस्य विचारतो आणि उत्तर घेऊन परततो. इथला नचिकेत परतत नाही. प्रश्न मागे राहणाऱ्याच्या वाट्याला येतो. उत्तर देण्याची घाई दिग्दर्शक करीत नाही. सुधीर पलसाने यांचा कॅमेरा विहिरीच्या काळोख्या पाण्यावर, मोकळ्या माळावर, मेंढ्यांच्या कळपावर रेंगाळतो.

'यात काही घडतच नाही', हा आक्षेप आम्ही वर्गातही ऐकला आहे. आमच्या मते तो शोकाविषयीच्याच गैरसमजातून येतो. रूढी शोकाला तेरा दिवस देते. त्यानंतर घर कामाला लागते. पण ज्याचा सोबती गेला त्याचे दिवस त्या गतीने सरत नाहीत. चित्रपटाचा संथपणा ही त्या दिवसांची मोजणी आहे. तो कापून टाकला तर अपघाताची बातमी उरेल, शोक उरणार नाही.

म्हणून अध्यापक मित्रांस एक सुचवावेसे वाटते. हे नाटक आणि हा चित्रपट एकत्र शिकवावेत. आणि विद्यार्थ्यांस कथानक विचारण्याआधी, कुठे थांबावेसे वाटले, ते विचारावे.