कायदेविषयक संज्ञांचे मराठी भाषांतर

इंग्रजीत तयार झालेले कायदे, नियम, न्यायनिर्णय आणि राज्यव्यवहारातील दस्तऐवज यांतील संज्ञांना मराठीत निश्चित अर्थाचे प्रतिशब्द देण्याच्या प्रक्रियेस कायदेविषयक संज्ञांचे मराठी भाषांतर असे म्हणतात. ललित लेखनाच्या भाषांतरात एकाच मूळ शब्दासाठी संदर्भानुसार वेगवेगळे शब्द योजता येतात. कायद्याच्या भाषांतरात मात्र एका संज्ञेसाठी सर्वत्र एकच शब्द ठेवावा लागतो. शब्द बदलल्यास अर्थही बदलला असल्याचे अनुमान निघू शकते.

इतिहास

मराठी राज्यव्यवहारातील परिभाषेचा पहिला मोठा प्रयत्न सतराव्या शतकातील आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात प्रचलित फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही वकील, फिर्याद, दावा, जामीन, जप्ती, मुखत्यारपत्र इत्यादी अरबी-फारसी मूळ असलेले शब्द व्यवहारात टिकून राहिले. ब्रिटिश काळात त्यांत समन्स, वॉरंट, अपील या इंग्रजी शब्दांची भर पडली. विसाव्या शतकात सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानात प्रशासकीय संज्ञांचा बहुभाषिक कोश तयार झाला. त्याच शतकात वि. दा. सावरकर यांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. ‘मेयर’ या पदासाठी रूढ झालेला ‘महापौर’ हा शब्द त्यांच्या नावाशी जोडला जातो.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झाले. पदनाम कोश, शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश यांसारखे परिभाषाकोश आणि कायद्यांची मराठी भाषांतरे हे त्याचे प्रमुख कार्य होय. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये देवनागरी लिपीतील मराठी ही राज्याची राजभाषा ठरली.

संज्ञांची निवड

सामान्य बोलण्यात ‘कायदा’ हा एकच शब्द अनेक अर्थांनी वापरला जातो. विधी परिभाषेत मात्र विधिमंडळापुढे मांडलेला मसुदा म्हणजे विधेयक, संमत होऊन अमलात येणारा कायदा म्हणजे अधिनियम, त्याखाली केलेले ते नियम आणि अधिवेशन चालू नसताना राज्यपाल किंवा राष्ट्रपती काढतात तो अध्यादेश, असे भेद पाळले जातात. अध्यादेशासाठी वृत्तपत्रांत ‘वटहुकूम’ हा शब्दही रूढ आहे. अधिनियमाच्या विभागांस कलम व पोटकलम, तर संविधानाच्या विभागांस अनुच्छेद म्हणतात. बोलताना मात्र दोहोंस ‘कलम’च म्हटले जाते.

काही भेदांवर आरोपीचे भवितव्य अवलंबून असते. ‘खून’ आणि ‘सदोष मनुष्यवध’ या संज्ञा वेगळ्या ठेवल्या जातात, कारण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून ठरत नाही आणि दोहोंच्या शिक्षाही भिन्न आहेत. क्रियापदांनाही असेच महत्त्व आहे. इंग्रजी कायद्यातील ‘शॅल’साठी ‘करील’ किंवा ‘असेल’ आणि ‘मे’साठी ‘करता येईल’ अशी रचना करतात. पहिलीने सामान्यतः कर्तव्य, तर दुसरीने अधिकार व्यक्त होतो.

हिंदीशी असलेले वेगळेपण

संस्कृतोद्भव संज्ञा सर्व भारतीय भाषांत समान राहतील, अशी अपेक्षा होती. ती नेहमीच पूर्ण होत नाही. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, तर मराठीत तिचा अर्थ अपराधाबद्दलचे शासन असा होतो. ‘दंड’ हा शब्द हिंदीत शिक्षेचा, तर मराठीत मुख्यतः पैशाच्या भरपाईचा वाचक आहे. त्यामुळे १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या नावात ‘दंड’ शब्द व्यापक अर्थाने आला, पण मराठी पाठात रोख रकमेच्या शिक्षेसाठी ‘द्रव्यदंड’ ही वेगळी संज्ञा वापरावी लागली. १ जुलै २०२४ पासून या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली.

राजकीय संज्ञांतही असा फरक आढळतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आलेल्या ‘सेक्युलर’ या शब्दासाठी हिंदी संविधानात ‘पंथनिरपेक्ष’, तर मराठी संविधानात ‘धर्मनिरपेक्ष’ असा शब्द आहे. धर्म आणि पंथ या शब्दांच्या अर्थांवर वाद होत असल्याने ही निवड केवळ शाब्दिक राहिलेली नाही.

कायदेशीर स्थान

युरोपीय संघात स्वीडिशसह २४ अधिकृत भाषांतील कायद्यांचे पाठ समान अधिकाराचे मानले जातात. भारतात स्थिती वेगळी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार सर्वोच्च व उच्च न्यायालयांची भाषा सामान्यतः इंग्रजी आहे. राज्याचा कायदा मराठीत संमत झाला, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेले त्याचे इंग्रजी भाषांतर प्राधिकृत पाठ मानले जाते. केंद्रीय कायद्यांबाबत १९७३ च्या एका अधिनियमानुसार, राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या प्रादेशिक भाषांतील भाषांतरांना त्या त्या भाषेतील प्राधिकृत पाठाचा दर्जा मिळतो. १९९८ मध्ये राज्य शासनाने, काही अपवाद वगळता, दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे अधिसूचित केले. २०२२ मध्ये स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठीचा वापर अनिवार्य करणारा कायदा झाला.

नागरी व्यवहारातील परिणाम

मुंबई उपनगर जिल्ह्यातील दहिसर हे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या आर उत्तर विभागात मोडते. अशा उपनगरातील रहिवाशाचा मतदारसंघ, मतदार यादी, मिळकत पत्रिका, अधिसूचना या संज्ञांशी थेट संबंध येतो. पालिकेची नोटीस मराठीत असते. तिचा आधार असलेला मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मूळ इंग्रजीत आहे, आणि वाद उच्च न्यायालयात गेल्यास युक्तिवादही इंग्रजीत होतो. या प्रवासात ‘हरकत’, ‘अपील’ आणि ‘पुनर्विलोकन’ यांतील भेद पुसला गेल्यास नागरिक चुकीच्या प्राधिकाऱ्याकडे किंवा मुदतीनंतर दाद मागण्याचा धोका असतो. म्हणून अचूक संज्ञा लोकांना समजणारी असावी, ही अपेक्षा परिभाषेच्या चर्चेत कायम राहिली आहे. रूढ झालेले ‘जामीन’सारखे शब्द ठेवणे आणि सूक्ष्म भेदांसाठीच ‘परंतुक’, ‘अनुसूची’ यांसारखे नवे शब्द घेणे, असा मध्यम मार्ग प्रत्यक्ष मराठी कायद्यांत दिसतो.