मंद संगणक आणि हिशेबाची रीत

घरातला संगणक मंद चालू लागला की आपण त्याची स्मृती वाढवतो, नको असलेल्या फायली काढून टाकतो; तेवढ्याने भागले नाही तर नवा घेण्याची भाषा सुरू होते. पण यंत्र तेच ठेवून हिशेबाची रीतच बदलली तर? विज्ञानाच्या इतिहासात या दुसऱ्या मार्गाने पुष्कळदा अधिक वेग मिळाला आहे. त्यातली एक हकिकत थेट हिंगोली जिल्ह्याशी जोडलेली आहे.

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या असणार आहेत. दूरवरची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, तर या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कमी फरक पडतो. असा क्षीण संकेत खरखरीत पार बुडून जातो. तो शोधायचा म्हणजे गणिताने आधीच काढलेले हजारो नमुने नोंदींवर ठेवून कोणता जुळतो ते पाहायचे. निरनिराळ्या वस्तुमानांच्या जोड्यांसाठी निरनिराळे नमुने!

ही तुलना करताना फूरिए परिवर्तन लागते. सरळ रीतीने 8 नोंदींना 8 × 8 म्हणजे 64 गुणाकार पडतात. कूली आणि टुकी यांनी 1965 मध्ये मांडलेल्या रीतीने हे काम साधारण 8 × 3 म्हणजे 24 च्या घरात येते. (हीच युक्ती गाउसला 1805 च्या सुमारास सुचली होती, असे पुढे उघड झाले. त्याच्याकडे संगणक कुठला!) फळ्यावर हा फरक किरकोळ वाटेल, पण 1,024 नोंदी घेतल्या की एकीकडे 10,48,576 आणि दुसरीकडे सुमारे 10,240.

तरीही नमुन्यांची संख्या उरतेच. पुण्याच्या आयुका या संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये, लायगोची उभारणीही सुरू झाली नव्हती तेव्हा, संकेत निसटू न देता नमुने किती अंतराने निवडावेत हे दाखवले. 1996 मध्ये धुरंधर आणि सौम्य मोहंती यांनी दोन टप्प्यांचा शोध सुचवला. रेडिओवर स्टेशन लावताना आपण काटा आधी भरभर फिरवतो आणि काही ऐकू आले की तेवढ्याच जागी सावकाश हलवतो, तसेच हे. बहुतेक ठिकाणी बारीक शोधाची गरजच पडत नाही.

2005 मध्ये सुरू झालेल्या ‘आइन्स्टाइन ॲट होम’ने तर घरोघरच्या संगणकांचा रिकामा वेळ मागून घेतला. कामाचे तुकडे करून ते हजारो घरांत वाटले जातात. 2010 मध्ये अशाच घरगुती संगणकांनी अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा स्पंदक शोधून काढला.

या साऱ्यात घाई कशासाठी? 17 ऑगस्ट 2017 रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याचा संकेत आला. सुमारे 11 तासांत दुर्बिणींना ती दीर्घिका सापडली आणि स्फोटाचा निळा प्रकाश टिपता आला. काही दिवसांतच तो मावळला. हिशेब रेंगाळला असता, तर तो दिसलाच नसता. दिशा ठरते ती वेगवेगळ्या वेधशाळांत लहर पोहोचण्याच्या वेळांमधील फरकावरून. आणि अमेरिकेतील दोन्ही लायगो वेधशाळांपासून औंढा हजारो किलोमीटर दूर आहे.