आणीबाणीतील लोकशाहीनिष्ठा : पुणे

राजकीय विचारसरणी आणि लोकशाहीवरील निष्ठा यांच्या नात्याची कसोटी पाहणारा पुण्याच्या इतिहासातील कालखंड (२५ जून १९७५–२१ मार्च १९७७). राष्ट्रीय आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित झाले, वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप आली आणि ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली विरोधकांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. येरवडा कारागृहात समाजवादी, जनसंघीय आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते एकत्र आले. सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी तेथूनच पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्रे लिहून संघावरील बंदी उठवण्याची विनंती केली.

या काळातील भूमिका डाव्या-उजव्या विभागणीत बसत नाहीत. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला, तर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने विरोध केला. शिवसेनेनेही पाठिंबाच दिला. सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्याशी संवाद साधावा, असा आग्रह धरणाऱ्या काँग्रेसच्या मोहन धारियांना मार्च १९७५ मध्येच केंद्रीय मंत्रिपद गमवावे लागले होते. पुढे त्यांनी तुरुंगवासही भोगला. १९७७ च्या निवडणुकीत पुणेकरांनी त्यांनाच लोकसभेवर पाठवले. समाजवादी नेते एस. एम. जोशी यांनी वेगवेगळ्या विचारांच्या पक्षांना जनता पक्षात एकत्र आणण्यासाठी झटून काम केले.

यावरून दिसते की, विचारसरणी लोकशाहीनिष्ठेला भाषा देते, पण तिची हमी देत नाही. सत्तेशी असलेले नाते आणि व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी तितकीच निर्णायक ठरते. खरी निष्ठा विरोधकाच्या स्वातंत्र्यासाठी उभे राहण्यातच सिद्ध होते.