नळदुर्गची सावली

बालाघाटाच्या पठारावर वैशाखातील सूर्य माथ्यावर आला, की ज्या काळ्या पाषाणाने नळदुर्गचा किल्ला घडला तोच पाषाण तापून उष्णता परतवू लागतो, आणि उन्हापासून देह व नेत्र यांचे रक्षण कसे करावे हा प्रश्न राजा आणि रयत या दोघांपुढेही सारख्याच निकडीने उभा राहतो. त्याची जी उत्तरे या मुलखाने शोधली, त्यांत एक दगडाचे होते आणि दुसरे कापडाचे.

दगडाचे उत्तर म्हणजे पाणीमहाल. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, इ.स. १६१३ मध्ये, मीर इमादीन या स्थापत्यविशारदाने बोरी नदीवर चिरेबंदी बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच हा महाल साधला. या बांधावरील ‘नर’ व ‘मादी’ हे धबधबे पावसाळ्यात पाहणाऱ्याचे चित्त हरण करतात. परंतु या वास्तूची खरी योग्यता उन्हाळ्यात कळते, कारण अंगाला भिडणारी जाड भिंत आणि तिच्याआड साठलेले पाणी यांच्यामुळे बाहेर ऊन कडकडत असतानाही आत मंद प्रकाश व गारवा टिकतो. मित्रांचे नेत्र या दर्शनाने उजळावेत आणि शत्रूंचे अंध व्हावेत, असा तेथील फारसी शिलालेखाचा आशय सांगितला जातो.

पुढे निजामाच्या अंमलातून १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा कॅप्टन मेडोज टेलर येथे अधिकारी म्हणून राहिला. १८६० मध्ये मुलूख निजामाकडे परत आला, आणि १९०४ पर्यंत जिल्ह्याची ओळख नळदुर्गच्याच नावाने राहिली. या साऱ्या स्थित्यंतरांत कचेऱ्या बदलल्या, दप्तरे बदलली, परंतु रयतेचे कापडी उत्तर बदलले नाही.

शेतकरी डोक्याला पटका गुंडाळतो तो केवळ मानासाठी नव्हे. अनेक पदरांच्या त्या वेढ्यांत हवा अडकते, त्यामुळे ऊन टाळूपर्यंत पोहोचत नाही. आणि सोगा पाठीवर सोडला की मान झाकली जाते. बायका खुरपणीला जाताना डोईवरचा पदर कपाळावर पुढे ओढून घेतात, त्याची सावली डोळ्यांवर पडते. पहाटे औत जुंपून दुपारी लिंबाखाली बैल सोडणे, पन्हे किंवा ताक पिणे, आणि जाड मातीचे थर घातलेल्या माळवदाच्या घरात उन्हाची वेळ काढणे, ही त्याच शहाणपणाची अंगे होत. आज त्वचेला सर्वाधिक इजा करणारे अतिनील किरण सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत तीव्र असतात असे शास्त्र सांगते. त्या वेळी कामाला विश्रांती देण्याची रूढी किती युक्त होती, हे यावरून स्पष्ट होते.

मात्र परंपरेची प्रत्येक गोष्ट निर्दोष मानणे म्हणजे तिचा अपमानच होय. एरंडेलाच्या दिव्यावर पालथ्या धरलेल्या भांड्याला लागलेली काजळी तुपात खलून माता लेकराच्या डोळ्यांत घाली. तिचा हेतू वत्सल होता, तरी काजळ अतिनील किरण अडवीत नाही, बाजारातील काही काजळांत व सुरम्यांत शिसे आढळते, आणि तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत काहीही घालू नये हाच नेत्रवैद्यांचा निर्वाळा आहे. त्याचप्रमाणे केवळ काळा दिसणारा चष्मा पुरेसा नव्हे. त्याच्या गडदपणामुळे बाहुली मोठी होते आणि किरण अडवणारी काच नसेल तर डोळ्यांना अधिकच अपाय होतो. अतिनील किरण रोखणारी काच मागून घ्यावी.

आदिलशहाला सावलीसाठी नदी अडवता आली, आणि रयतेने आपली सावली स्वतःच्या डोक्यावर वाहिली. आता प्रजेचे राज्य आहे; तेव्हा शाळेच्या पटांगणात, बाजारात आणि मोटारथांब्यावर झाडे व छत यांची तजवीज करणे हे कर्तव्य नगरपरिषदेचे, आणि दुपारच्या उन्हात लेकराला उघड्या डोक्याने न धाडणे हे कर्तव्य आपले. ही दोन्ही कर्तव्ये या उन्हाळ्यापासूनच पाळावीत, एवढीच वाचकांना विनंती.