असई जिंकली ती एका माणसानं नाही, एका घरानं

परवा असईवरून परत येताना गाडीतला एक तरुण मित्र म्हणाला, "भाऊ, एका वेलस्लीनं आपलं राज्य घेतलं बघा."

म्हणलं, एका वेलस्लीनं नाही रे बाबा. तीन वेलस्ली होते. सख्खे भाऊ.

आपल्याला आर्थरच माहीत असतो. असईला जिंकला, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८२८ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान. पण हा लहानपणी घरातला 'वाया गेलेला' पोरगा होता. घर आयर्लंडमधलं. वडील लॉर्ड मॉर्निंग्टन संगीतकार, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे पहिले प्राध्यापक. ते १७८१ मध्ये वारले. नाव मोठं, पण पैशाची ओढाताण. आर्थरची ईटनची शाळा अर्ध्यातच सुटली. हे पोरगं फौजेशिवाय कशाच्याच कामाचं नाही, असं खुद्द आईचं मत सांगतात.

तेव्हा इंग्रज फौजेत अधिकाऱ्याची पदं विकत मिळायची. थोरला भाऊ रिचर्ड, त्यानं उसने पैसे दिले आणि आर्थर वर चढला.

१७९८ मध्ये हाच रिचर्ड हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल म्हणून आला. आर्थर आपली पलटण घेऊन आधीच इथं पोचलेला. धाकटा हेन्री थोरल्याचा खासगी सचिव. म्हणजे हुकूम एका भावाचा, तलवार दुसऱ्याची, कागद तिसऱ्याचे!

१७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं. तटावर चढाई केली डेव्हिड बेअर्डनं. हा गडी म्हैसूरच्या कैदेत काही वर्षं काढलेला. पण शहराचा कारभार कुणाला? आर्थरला. बेअर्ड संतापला. १८०१ मध्ये अवधच्या नवाबाकडून घेतलेल्या मुलखावर रिचर्डनं हेन्रीला बसवलं. लंडनमधल्या कंपनीच्या संचालकांनी आक्षेप घेतला. घराणेशाहीची बोंब तेव्हाही होतीच.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. भावानं दार उघडून दिलं, तरी आतलं काम आर्थरला येत होतं. १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्यानं नगरचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबरला असईला केळणा आणि जुईच्या बेचक्यात कितीतरी मोठ्या फौजेवर तो चालून गेला. आपल्या तोफांनी त्याची माणसं अक्षरशः कापून काढली, तरी तो मागं हटला नाही. आयुष्यातली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारलं तर तो असईचं नाव घ्यायचा.

आता त्याच वर्षांत आपल्याकडचे भाऊ बघा.

१७९७ मध्ये होळकर भावांच्या वारसाच्या भांडणात दौलतराव शिंदे पडले आणि मल्हारराव होळकर पुण्यात मारले गेले. १८०१ मध्ये विठोजी होळकरांना दुसऱ्या बाजीरावानं हत्तीच्या पायी दिलं. विठोजींचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला पेशवे-शिंद्यांची फौज मोडली. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या ओंजळीनं पाणी प्यायला लागला. बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव, तोही इंग्रजांची पेन्शन घेऊन बाजूला झाला. असईला शिंदे-भोसले होते. होळकर नव्हते.

वेलस्ली भाऊ काही राम-लक्ष्मण नव्हते. १८२८ मध्ये रिचर्ड आयर्लंडचा कारभार बघत होता. कॅथलिकांना हक्क द्या, असं त्याचं म्हणणं. पंतप्रधान आर्थरचा विरोध. रिचर्डनं राजीनामा दिला. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी आर्थरलाच तो कायदा करावा लागला.

म्हणजे भांडण त्यांच्यातही झालं. पण कधी? असईनंतर २५ वर्षांनी, सगळं पदरात पडल्यावर. आपण आधीच भांडून घेतलं.

शौर्यात आपण कमी पडलो नाही, असईची माती त्याला साक्षी आहे. कमी पडलो ते घरात. गावोगावच्या भाऊबंदकीकडं बघून सांगा, २२० वर्षांत आपण काही शिकलो का?

तुमचं मत कमेंटमध्ये जरूर लिहा.