पाळी जाताना: काय नेहमीचं, काय डॉक्टरांना दाखवायचं?

पाळी एका दिवसात जात नाही. आधीची काही वर्षं ती कधी लवकर येते, कधी उशिरा. अंगातून अचानक गरम वाफा येतात, रात्री घाम फुटतो, झोप मोडते, चिडचिड होते. हा काळ म्हणजे पेरीमेनोपॉज. सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. भारतात ती साधारण ४६-४७ व्या वर्षी येते. तोपर्यंत दिवस राहू शकतात, हे लक्षात ठेवा.

सैल सुती कपडे, रोजचं चालणं, संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळणं यांनी थोडा आराम पडतो. त्रास फार असेल तर हार्मोन थेरपी गुणकारी ठरते. पण स्तनाचा कॅन्सर झालेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रियांना ती सहसा देत नाहीत. म्हणून ती डॉक्टरांना विचारूनच घ्या.

एक गोष्ट मात्र ‘वयामुळे होतंच’ म्हणून अंगावर काढू नका. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त गेलं, अगदी एक डाग दिसला, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा कारण साधं असतं. पण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते, आणि तो लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते.