अपुऱ्या दिवसांची बाळे : हालचालींच्या टप्प्यांतील उशीर

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानतात. मान धरणे, पालथे पडणे, बसणे, चालणे हे टप्पे अशी बाळे बहुधा उशिरा गाठतात. पण यातला बराचसा उशीर हिशेबाचा असतो. आपण वय जन्मतारखेपासून मोजतो. मेंदू मात्र गर्भावस्थेपासूनच्या आपल्या वेळापत्रकाने वाढत असतो. म्हणून ४० आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले, तितके वयातून वजा करतात. हे ‘सुधारित वय’ साधारण दोन वर्षांपर्यंत वापरतात. तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ आठ महिन्यांचे झाले, तरी विकासाच्या दृष्टीने पावणेसहा महिन्यांचेच असते. ते अजून बसत नाही म्हणून आईला बोल लावणे अन्यायाचे आहे. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या असतात.

पूर्ण दिवसांच्या निरोगी मुलांतही फरक मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांनुसार एकट्याने चालू लागण्याचे वय सुमारे ८ ते साडेसतरा महिने आहे. काही मुले तर रांगतच नाहीत.

हिशेबापलीकडचा उशीर शरीरातून येतो. शेवटच्या आठवड्यांत गर्भाशयाच्या अपुऱ्या जागेत हातपाय दुमडून राहिल्याने स्नायूंना जो ताण मिळतो, तो या बाळांना मिळत नाही. ती सैल पडून राहतात. त्यात दीर्घ आजारपणाची भर पडते. मेंदूत रक्तस्राव झाला किंवा पोकळ्यांलगतच्या पांढऱ्या भागाला इजा झाली, तर सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढतो.

त्यामुळे सुधारित वयाच्या आड धोक्याची लक्षणे दडू देऊ नयेत. लंगोट बदलताना मांड्या सहज फाकत नाहीत, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात; अंगठा सतत मुठीत असतो; सुधारित चार महिन्यांनंतरही मान धरत नाही; वर्षाच्या आत वस्तू घ्यायला सतत एकच हात पुढे येतो. अशा वेळी ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये.

भारतीय बाळांच्या विकासाच्या तपासणीसाठी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी विकसित केलेली ‘डासी’ मोजपट्टी आणि तिरुवनंतपुरमचा छोटा तक्ता वापरात आहेत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. तपासणीबरोबरच घरी, बाळ जागे असताना आणि कोणीतरी जवळ असताना, त्याला रोज थोडा वेळ पालथे ठेवावे. बसवायचा वॉकर देऊ नये.